शबानाचा पायाळू पाय

आमच्या कळंबातल्या मुजफ्फरभाईंची शबाना पायाळू जन्मली. म्हंजी पाय आधी, डोकं मागनं. मग काय! कुणाच्या कमरेत उसण भरली की दवाखाना न्हाय, शबाना! आपण पालथं पडायचं, तिनं कमरेवर हळूच लाथ मारायची. शाळंला जाताना वाट अडवायची माणसं. पाठीवर दप्तर आन एक पाय महिपतीतात्याच्या कमरेवर! हसून हसून आमची मुरकुंडी वळायची.

तीच पोरगी आता बारामतीला फिजिओथेरपी शिकवती! मॅडम झालीया! दर गुरुवारी शिकाऊ पोरी घिऊन गावात माणसं तपासाय येती. मला तर आभाळ ठेंगणं झालं. वरीस झालं, माजी कंबर धरलेली. म्हशीखाली बसता येईना. सून धारंला बसली की म्हैस पान्हा चोरती, अर्धी चरवी बी भरत न्हाय. म्हटलं, आता एक लाथ आन ही द्वारका मोकळी!

गेले तर हिच्या उजव्या पायाला ही भली मोठी पट्टी.

"मुरगळलाय वो मावशी. लाथ बंद. स्वरूपाकडं जावा."

स्वरूपा तिची विद्यार्थिनी, काडीएवढी पोरगी. माजं टाळकंच फिरलं.

"आजी, कंबरेमुळं काय करता येत नाही?" तिनं इचारलं.

"म्हशीची धार!" मी खेकसले.

हसली न्हाय बरं का. उठाय लावलं, बसाय लावलं, पाय उचलून बघितलं. शबाना मागं गप उभी, पोरीला तिचं तिला करू देत हुती.

"काही मोडलं-सरकलं नाही, आजी. तुम्ही वाकायला भिताय. थोडं थोडं वाकूया."

मग दर गुरुवारी रिकामी चरवी उचलायची. आधी टेबलावरनं, मग खुर्चीवरनं, मग पाटावरनं. पर जमिनीवरनं उचला म्हटलं की मी आपली ताठ उभी! आन शबानाची पट्टी काय सुटंना. पोरीचा पाय बरा कर म्हणून मी म्हसोबाला बी सांगितलं आन अल्लाला बी.

गेल्या गुरुवारी तपासणी आटपली, त्यांची गाडी निघाली आन शबाना मागं ऱ्हायली. अगं बया बया! अशी पळाली, अशी पळाली! पट्टी सुटून मागं लोंबतीया आन पाय कसा ठणठणीत!

"शबाने! खोटारडे! थांब भवाने!" मी पायातली चप्पल उचलली आन दिली भिरकावून.

गाडीचं दार धरून ती वरडली, "स्वरूपा, बघ! मावशी वाकल्या! अगं, पार जमिनीला!"

गाडीतल्या पोरींनी टाळ्या पिटल्या. मी खाली बघितलं. व्हय की! वाकल्याबिगर चप्पल हातात आली कशी?

"मीच लाथ मारीत बसले असते," शबाना हसत म्हणली, "तर ह्या पोरी कवा शिकल्या असत्या आन तुमी कवा वाकला असता?"

स्वरूपा चप्पल घिऊन पळत आली. म्हटलं, "ठिव खाली. माजी मी घेती."

सांजच्याला म्हशीखाली मीच बसले. चरवी काठोकाठ भरली. येत्या गुरुवारी त्या खोटारडीला पहिला चहा माज्या घरचा, निव्वळ दुधाचा!