अर्धी नळी

आमच्या मांजरीला पिसवा झाल्या. ती दिवसभर माझ्याच अंथरुणात बसून खाजवायची. मुलगा म्हणाला, “बाहेर सोडून दे.” अकरा वर्षं घरात वाढलेलं जनावर म्हणजे काय जुनं पायपुसणं आहे? मी पिशवी घेतली आणि परदेशीपुऱ्यातल्या दुकानात गेले. तिथे कुत्र्यांचे पट्टे, पोपटांचे पिंजरे आणि जनावरांची औषधं सगळं मिळतं.

दुकानदाराने काउंटरखालून एक बोटभर प्लास्टिकची नळी काढली.

“गर्दन पे डालना, अम्माजी. बिल्ली है ना? तो आधी डालना, आधी रख लेना.”

“याचा डबा?”

“डब्बे में तीन आती हैं. आपको एक ही चाहिए ना?”

गोळ्यासुद्धा पत्ता कापून घेतो आपण, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इथे मी चुकले.

घरी मानेवरचे केस बाजूला करून अर्धी नळी टाकली. सकाळी तिथली कातडी लाल झाली होती. हात लावला तर केसांचा पुंजकाच हातात आला, खाली ओली जखम. लाळ गळत होती, मान भिंतीला घासत होती. मी भांड्यांच्या साबणाने तिला दोनदा धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने जखम पाहिली, मग मला पाहिलं.

“सच बताओ अम्मा, फिनाइल लगाया ना? पुराने लोग लगा देते हैं.”

अंगाचा तिळपापड झाला. बटव्यातून उरलेली नळी काढून त्याच्या टेबलावर आपटली. त्याने चष्मा वर करून वाचलं.

“ये तो कुत्ते की है. लिखा तो है.”

“इंग्रजीत. मुंगीएवढ्या अक्षरांत.”

मग तो जरा नरमला. कुत्र्याचं औषध अर्धं केलं म्हणून ते मांजराचं होत नाही, म्हणाला. काही औषधांनी मांजरं झटके येऊन मरतात. धुतलंत ते बरं केलंत. झटके येतात का पाहायला संध्याकाळपर्यंत तिला ठेवून घेतलं. मीही तिथल्या बाकावरून उठले नाही.

झटके आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभी.

“डबा दाखवा.”

दुकानदाराने तोंड वाकडं करत काढला. वर कुत्र्याचं मोठं चित्र. बाजूला मांजर, तिच्यावर लाल फुली.

“मी चौथी शिकले, भिया. हे कळायला तेवढीही नको. डबा लपवून नळी का विकता?”

“अरे अम्माजी, सब ऐसे ही ले जाते हैं. आज तक कोई बिल्ली नहीं मरी.”

“मेली तर तुम्हाला सांगायला कोण येणार? लोक दुसरी पाळतात.”

मागे एक मुलगी मांजराचं खाणं घ्यायला उभी होती. मी तिला म्हटलं, “औषध घेशील तर डबा बघून घे.” दुकानदार भडकला, “धंधा मत बिगाड़ो!” मी म्हटलं, माझ्या मांजरीची कातडी बिघडवलीत तेव्हा कुठे होता धंदा?

त्याने माफी मागितली नाही. मुलगी मात्र डबा उलटून पाहत होती.

जखम भरत आली आहे. मलमाची डबी उघडली की मांजर पलंगाखाली पळते. तिला दुकान ठाऊक नाही, नळी पिळणारा हात माझा होता. रोज गुडघे टेकून तिला ओढून काढते, ती ओरबाडते, आणि मी त्या माणसाला शिव्या घालते.