दम्याची चिठ्ठी

"डागतर, क्षय सोडून कायबी लिवा," तानाक्का म्हणाली.

तिच्या थुंकीचा रिपोर्ट माझ्या टेबलावर होता. बेळगावहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आला होता. थुंकी पॉझिटिव्ह. म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते, आणि ती खोकेल तेव्हा ते हवेत उडणार होते.

तानाक्का निपाणीतल्या एका वखारीत तंबाखू चाळायची. विधवा बाई. सोळा वर्षांची लेक शेवंता शेजारच्याच चाळणीवर बसायची. तिचं लग्न कोगनोळीच्या मुलाशी ठरलं होतं. मी 'क्षय' लिहिलं असतं तर आईचं काम त्याच दिवशी गेलं असतं, आणि लेकीचं लग्नही.

तंबाखूच्या धुळीने अर्धी निपाणी खोकायची. फार खोकणाऱ्या बाईला वखार घरी पाठवायची आणि डॉक्टरची चिठ्ठी आणली की परत घ्यायची. चिठ्ठीवर 'दमा' चालायचा. दम्यात श्वासनळ्या आवळतात, श्वास सोडताना शिट्टी वाजते. तो दुसऱ्याला लागत नाही. तानाक्काच्या छातीत शिट्टी नव्हती. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला, कानाजवळ केस चोळल्यावर येतो तसा बारीक करकर आवाज होता. फरक मला स्वच्छ कळत होता. मी 'दमा' लिहिलं.

"ताट-तांब्या वेगळा ठेव. लेकीला जवळ झोपवू नको. खोकताना तोंडाला पदर लाव."

"व्हय," म्हणत तिने चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

पुढच्या आठवड्यात वखारीचे मॅनेजर बाजारात भेटले. "तानाक्काला घेतली बरं का परत. दमाच हाय न्हवं?"

"हो."

"मग बसू दे की. निपाणीत न खोकणारा माणूस म्हंजे पाव्हणा."

मी हसलो. खरं सांगायची ती वेळ होती.

चार-पाच महिन्यांनी शेवंता डिस्पेन्सरीत आली. गालफडं बसलेली, संध्याकाळी ताप. मी आईची चौकशी केली.

"दम्यानं बेजार हाय. बसून राहती. मीच पाठ चोळते."

"जवळ झोपतेस?"

"एकाच वाकळंत."

"आणि ताट?"

"आईनं येगळं काढलतं. मी म्हटलं, दम्याला कोण ताट येगळं करतंय गं? तुमची चिठ्ठीच वाचून दावली तिला. मग गप बसली."

तानाक्का बोलणार तरी काय? खरं कळलं असतं तर आईला तशी सोडून शेवंता लग्नाला उभी राहिली नसती. मी स्टेथोस्कोप लावला. उजव्या शेंड्याला तोच आवाज होता.

तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. दूध, अंडी, विश्रांती, मोकळी हवा असं आम्ही लिहून द्यायचो आणि रोगी ते वाचून घरी जायचा. लग्न मोडलं. शेवंता आईच्या आधी गेली. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तानाक्का भिंतीला टेकून बसली होती.

"मी सांगितलं न्हाय, तुमी लिवलं न्हाय," ती म्हणाली. "दोघांनी मिळून केलं."

दोन महिन्यांत तीही गेली. वखारीत त्यांच्या रांगेत चाळायला बसणाऱ्या बाकीच्या बायकांचं काय झालं, याचा मी कधी तपास केला नाही. धीर झाला नाही.

खोटी चिठ्ठी रोग्याला फसवत नाही, त्याला खरं ठाऊक असतं. ती त्याची वाचा बंद करते. तेव्हापासून मी कानांनी ऐकलं तेच लिहीत आलो. त्याने काही बायकांची कामं गेली. मग वखारीच्या बायका माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. पलीकडच्या गल्लीत एक डॉक्टर आहेत. तिथे दमा मिळतो.