पायलट व्हायच्या आधीचा सत्कार

पुनमला नुसती किळस आली. वारंगा फाट्यावरच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर तिचं तोंड कुण्या भलत्याच बाईच्या गणवेशावर चिकटवलं होतं अन् खाली लिहिलं होतं, 'गावची पहिली पायलट'. कसली डोंबलाची पायलट! बारावी झाली, दोन वर्षं घासून विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेच्या परीक्षेत नंबर लागला, बस. डोळे-कान तपासून घेणं अजून बाकी होतं. तो मेडिकलचा कागद महिनाअखेरपर्यंत पोचला तरच जागा तिची, नाहीतर खालच्या नंबरवाल्याची.

पण आपल्या लोकांना दम कुठं! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. अमृतराव म्हणजे गावात कुणी दहावी पास झालं तरी शाल घेऊन धावणारा पुढारी. तो पुनमच्या बापाच्या, तातेरावच्या पंक्चरच्या दुकानात येऊन बसला. "उद्याच सत्कार करून टाकू," म्हणाला.

"मेडिकल झाल्यावर करा की, काका," पुनम म्हणाली.

"काहून? तुला काय रोग हाय का?" अन् स्वतःच फिदीफिदी हसला.

तातेराव तर हरखूनच गेला होता. त्यानं ठेवणीतला सदरा काढला.

दुसऱ्या दिवशी उघड्या जीपमध्ये तिला उभं केलं. पुढं डीजे, मागं नाचणारी टोळकी, सगळ्यांच्या तोंडाला घामाचा अन् गुलालाचा चिखल. अमृतराव अर्धा तास बोलला, तेही स्वतःबद्दलच. तेवढ्यात गुलालाची एक मूठ थेट तिच्या उजव्या डोळ्यात बसली. खडेच होते त्यात. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, तर अमृतराव माईकवर म्हणतो, "बघा, लेकराला आनंदाश्रू आले!" अन् टाळ्या पडल्या.

सत्कारानंतर तिसऱ्या दिवशी मेडिकलच्या डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारली. "बुबुळाला ओरखडा आहे, चिघळलाय. तूर्त अनफिट. पंधरा दिवसांनी या."

महिना संपायला पाच दिवस उरले होते.

ती परत आली तेव्हा अमृतराव दुकानातच चहा फुरकत होता. "काय पायलटबाई, झालं का?"

"न्हाई झालं. गुलालानं डोळा गेला कामातून. जागा गेली."

त्यानं आधी रस्त्याकडं पाहिलं. "हळू बोल की. सध्या लोकाला सांगू नको, उगं आपली शोभा होईल."

पुनमचं डोकं फिरलं. "तुमच्या शोभेला आग लागो! कुणी मारली ती मूठ? नाव सांगा मला. भर फाट्यावर तोंडावर थुंकते त्याच्या!"

अमृतराव अर्धा चहा तसाच ठेवून सटकला. तातेराव टायरमधून ट्यूब ओढत होता, त्याचे हात थांबले.

"त्याला काय इचारतीस," तो मान खाली घालूनच म्हणाला. "मूठ माझी व्हती, बाई. लई खुशी झाली व्हती."

पुनमनं थुंकी गिळली.