वकिलातीच्या बाई माळावर आल्या

सरपंच होऊन मला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ग्रामसेवकांचा फोन आला. परदेशी पाहुणे येणार होते. मुंबईतल्या एका वकिलातीच्या बाई आणि त्यांच्यासोबत एक अधिकारी. राज्यात नवं सरकार बसलं होतं, त्यातल्या मोठ्या लोकांना भेटून झालं होतं, आता नव्यानं निवडून आलेल्या ग्रामपंचायतींचीही ओळख करून घ्यावी, संबंध वाढवावेत, असा त्यांचा दौरा होता. मी लोहाऱ्याच्या जीपमध्ये दोघींच्या मध्ये दाटून बसले होते. नीट ऐकू येईना म्हणून दोनदा विचारलं, आपल्याच गावाला? ते म्हणाले, व्हय, आपल्याच.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, फाट्यापासून आत. सरपंचपद त्या वेळी आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव निघालं. आम्ही बौद्ध. वस्तीवर शिकलेल्या बाया मोजक्या, त्यात मी एक. उमरग्याला हायवेलगतच्या एका दवाखान्यात मी सोळा-सतरा वर्षं नर्स होते. सासू अंथरुणाला खिळल्यावर ते काम सोडून गावात राहायला आले होते. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, फॉर्म भरायला लावला. ते गवंडीकाम करतात, कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "तू भर. पडलीस तर पडलीस."

मी पडले नाही. मात्र निकालाच्या दुसऱ्याच दिवशी उपसरपंच घरी येऊन मला सांगून गेले की ताई, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, कारभार आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा. ते आधीची दहा वर्षं स्वतः सरपंच होते. अगदी गोड बोलले. मी चहा दिला आणि सांगितलं, सही करीन, पण वाचून.

पाहुण्यांची तारीख ठरल्यावर तालुक्याला बैठक झाली. पंचायत समितीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण. पाहुण्यांना तिखट चालत नाही, पाणी बाटलीचंच ठेवायचं, शाळेपुढचा खड्डा बुजवायचा, असं बरंच चाललं होतं. मग मला सांगितलं गेलं की मॅडम, तुम्ही नऊवारी नेसा, नथ घाला आणि दारात पाहुण्यांना कुंकू लावून ओवाळा. टेबलाशी साहेब, उपसरपंच आणि पाहुणे बसतील. तुमच्या हस्ते शाल आणि तुळजापूरची कवड्यांची माळ.

मी विचारलं, "आणि मी बसायचं कुठं?"

ग्रामसेवक म्हणाले, महिलांसाठी पुढं सतरंजी टाकू.

मी म्हटलं, ओवाळायला मी येणार नाही. आमच्यात ते करत नाहीत, आणि करत असते तरी आले नसते. पाहुणे सरपंचाला भेटायला येणार असतील तर सरपंच खुर्चीवर बसेल. साहेब हसले, म्हणाले, एवढं मनावर घेऊ नका, ही आपली संस्कृती आहे. मी हसले नाही. खुर्चीचं काय ठरलं ते लिहून घ्या, असं ग्रामसेवकांना सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्याच बैठकीत सगळ्यांना एक कागद वाटला होता, इंग्रजीतला. बाकीच्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. मी परतीच्या जीपमध्ये वाचायला घेतला. इंग्रजी मला बोलता येत नव्हतं, आजही धड येत नाही. पण दवाखान्यात इतकी वर्षं केसपेपर वाचले, डॉक्टरांचं आपसातलं बोलणं ऐकलं, त्यामुळं कळायचं. अक्षर अक्षर लावत गेले. त्यात गावाची माहिती होती, महिला सरपंच असल्याचं कौतुक होतं, आणि शेवटी दोन ओळी होत्या. गावाच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायला गावानं संमती दिली आहे, जमिनीची काही अडचण नाही. त्या पवनचक्क्या बनवणारी कंपनी त्याच पाहुण्यांच्या देशातली.

संमती? ग्रामसभेत हा विषय कधी निघालाच नव्हता.

तो माळ म्हणजे गायरान. कागदोपत्री गुरं चारायची सरकारी जमीन. खरं तर तिथं आमच्या वस्तीतली माणसं दोन पिढ्या शेती करतात. माझ्या सासऱ्यांनी तिथले दगड फोडून बांध घातले होते. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं त्याच कामात गेली. मूग, उडीद, तूर, पाऊस बरा झाला तर ज्वारी. सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही. नाव नाही म्हणून माणूसच नाही, असं त्या कागदानं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामसेवकांना विचारलं, हे कुणी लिहिलं? ते बिचारे म्हणाले, उपसरपंचांनाच विचारा. मग मी उपसरपंचांकडे गेले. ते म्हणाले, ताई, तसे शब्द घालावेच लागतात, पाहुण्यांना बरं वाटतं, ठराव नंतर करून घेऊ. मी म्हटलं, ठराव आधी असतो. ते म्हणाले, तुम्ही नवीन आहात. त्यात खोटं काही नव्हतं.

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते थापी धूत होते. पवनचक्कीला माझा विरोध नव्हता, आजही नाही. फाट्यापलीकडच्या माळांवर त्या कधीच्या फिरताहेत, वस्तीतली पोरं तिथं राखणीच्या कामालाही जातात. पण आमच्या पायाखालची जमीन आम्हाला न विचारता परक्या माणसाला दाखवायची, आणि वर माझ्या नावावर खपवायची, हे मला गिळवेना. मालक म्हणाले, "मग बोल की. तुला काय कुणी तोंड बांधलंय?"

पाहुणे आले त्या दिवशी मी माझी नेहमीची निळ्या काठाची सुती साडी नेसले. ग्रामपंचायतीत गेले तर टेबलाशी चार खुर्च्या होत्या आणि चारींपुढं पाट्या. माझी नव्हती. वहीत काय लिहिलं होतं देव जाणे. मी बाहेरून प्लास्टिकची एक खुर्ची आणली आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवून बसले. उपसरपंचांना थोडं सरकावं लागलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात गाड्या आल्या.

वकिलातीच्या बाई उंच, साधारण माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले. नमस्कार शिकून आल्या होत्या. त्यांच्यासोबतचा अधिकारी तरुण होता, सगळं लिहून घेत होता. साहेबांनी शहरातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक दुभाषी म्हणून आणले होते. सत्कार झाले, भाषण झालं, शेंगदाण्याची चटणी बोटाच्या टोकानं चाखून बाई लगेच पाणी प्यायल्या. मग बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, पवनचक्क्यांबद्दल तुमच्या गावाचं काय म्हणणं आहे?

प्राध्यापकांनी त्याचं मराठी केलं. ते बरोबर केलं.

मी सावकाश बोलले, कारण मला ते नीट पोचवायचं होतं. "माळावरची जमीन द्यायची का नाही, हे ग्रामसभा ठरवील. अजून गावाला कुणी विचारलेलं नाही. तिथं आमच्या वस्तीची माणसं पीक घेतात. आधी त्यांना विचारावं लागेल."

प्राध्यापकांनी क्षणभर साहेबांकडे पाहिलं. मग इंग्रजीत बोलायला लागले. चांगलं गुळगुळीत इंग्रजी होतं त्यांचं. सरपंचांना फार आनंद झाला आहे, असं म्हणाले. विकासाचं काहीतरी बोलले. आणि मग म्हणाले, गाव तयार आहे, ‘विलेज हॅज अॅग्रीड’.

बाईंनी मान हलवली. तो तरुण लिहायला लागला. त्याचं पेन चालू झालेलं मी पाहिलं. दवाखान्यात एखाद्या पेशंटच्या कागदावर चुकीची गोळी लिहिलेली दिसायची. तेव्हा मोठा डॉक्टर असो की छोटा, मी थांबवायची.

"नो," मी म्हटलं.

माझा आवाज मोठा झाला होता.

"नो मॅडम. विलेज नॉट अॅग्रीड. ही टोल्ड राँग. नोबडी आस्क अस. पीपल फार्मिंग देअर."

फोनवर डॉक्टरांना ‘पेशंट नॉट स्टेबल, कम फास्ट’ असं सांगायचे, तेवढंच माझं इंग्रजी. ते त्या दिवशी पुरलं. प्राध्यापकांचा चेहरा लाल झाला. साहेब माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाले की मॅडम, पाहुण्यांपुढं आपलं घरचं काढू नका, जिल्ह्याची अब्रू जाईल. मी मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, अब्रू खोटं बोलल्यानं जाती. हे घर आमचं हाय. पाहुणा आला म्हणून न विचारता घराची जागा कुणी देत नसतंय."

उपसरपंच उठून बाहेर गेले.

बाईंनी त्या तरुणाला काहीतरी सांगितलं. त्यानं लिहिलेली ओळ खोडली. मग त्यांनी मला विचारलं, ती जमीन मला बघता येईल का? हे मला थेट कळलं. साहेब म्हणाले, वेळ नाही, पुढं तुळजापूरला दर्शन ठरलंय. बाई म्हणाल्या, देवी थोडी वाट बघेल का? हे भाषांतर प्राध्यापकांनी अगदी नेमकं केलं.

माळ गावापासून लांब नाही, पण गाडी वर चढत नाही. आम्ही चालत गेलो. बाईंच्या बुटात गोखरूचे काटे शिरले, त्या थांबून काढत होत्या. तुरीची काढणी चालली होती. वस्तीतल्या एक वयस्कर काकू कापलेल्या तुरीच्या पेंढ्यांवर बसून भाकरी खात होत्या. एवढी माणसं येताना बघून त्या घाबरल्या, त्यांना वाटलं जमीन मोजायला आले. मी जवळ जाऊन कोण आहेत ते सांगितलं. काकूंनी बाईंना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग मला म्हणाल्या, "त्यांस्नी इचार, त्यांच्या गावात असं इचारल्याबिगर कुणाच्या रानात खांब रोवतेत का?"

प्राध्यापक मागं राहिले होते. मलाच सांगावं लागलं. ते कसं सांगितलं आता आठवत नाही, हातवारे बरेच केले. बाईंना कळलं. त्या म्हणाल्या, नाही, आमच्याकडे आधी विचारावं लागतं, आणि पुष्कळदा लोक नको म्हणतात. मी ते काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग बरं हाय," आणि पुन्हा भाकरी खायला लागल्या.

त्या बाई फार थोर होत्या असं मी म्हणणार नाही. त्या त्यांच्या देशाचं काम करायला आल्या होत्या, आणि त्यांच्या कंपनीला जमीन मिळाली असती तर त्यांना आवडलंच असतं. पण विचारलं की ऐकून घेत होत्या. इतकं तरी आमच्या लोकांना जमायला हरकत नव्हती.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. आठवडाभरात मला साहेबांच्या कार्यालयाचं पत्र आलं की शिष्टाचाराचा भंग केल्याबद्दल लेखी खुलासा करा. मी लिहिलं, एका पानात. काय विचारलं गेलं, मी काय उत्तर दिलं आणि त्याचं इंग्रजीत काय केलं गेलं. शेवटी लिहिलं की यात माझी चूक कोणती ते मला कळवावं. ते कळवलेलं नाही. उपसरपंचांच्या बाजूचे सदस्य दोन बैठकांना आले नाहीत. गणपूर्ती झाली नाही, बैठका तहकूब कराव्या लागल्या. दुकानात कुणीतरी मागून म्हणालं, आता ही इंग्रजी शिकवणार गावाला. मी वळून म्हटलं, शिकवीन की, या संध्याकाळी. कुणी आलं नाही.

पण ग्रामसभा मी लावली. दवंडी दिली, वस्तीवर घरोघर जाऊन सांगितलं, मोठ्या गल्लीत सवर्णांकडेही सांगितलं. एकाच विषयावर इतकी माणसं जमलेली मी त्या चावडीपुढं आधी पाहिली नव्हती. बाया बऱ्याच होत्या. मोठ्या गल्लीतले काही शेतकरीही आमच्या बाजूनं बोलले, त्यांची गुरं तिथंच चरतात. ठराव झाला की माळावर कोण काय करतंय याची यादी ग्रामपंचायत करील, आणि कुणालाही तिथं काही उभारायचं असेल तर त्यानं नकाशा घेऊन ग्रामसभेपुढं यावं आणि मराठीत सांगावं. उपसरपंच आले होते. हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही.

यादी ग्रामसेवकांनी आणि मी मिळून केली. ते माळावर फिरताना म्हणाले, मॅडम, एवढी घरं हितं पीक घेतेत हे मलाबी ठाऊक नव्हतं. कंपनीची माणसं एकदा येऊन गेली, नकाशा इंग्रजीत होता म्हणून आम्ही परत पाठवली. पुन्हा येतील. जमीन अजून नावावर झालेली नाही, त्यासाठीचा अर्ज तालुक्याला पडून आहे आणि मी दर पंधरवड्याला जाऊन त्याची चौकशी करते. तिथला शिपाई मला बघून आधी उठायचा नाही, आता उठतो. साहेबांनी मला पुढच्या कुठल्या कार्यक्रमाला बोलावलेलं नाही. जिथं बोलावत नाहीत तिथंही मी जाते आणि बसायला जागा नसेल तर जागा मागते.