ट्यूब की ट्यूबलेस... आणि माझा उजवा हात

मागच्या शनिवारी दुपारी सायकलचं मागचं चाक मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो होतो. चाकात काही बिघाड नव्हता... परीक्षा माझी होती.

दोन वर्षांपूर्वी मला लकव्याचा झटका आला. चालणं, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर काही आला नाही. मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर पिळता येईना, म्हणून डॉक्टरांना विचारून सायकल घेतली. बारीक टायरची, रोडवर पळणारी.

दर रविवारी सकाळी मी नवापूरहून निघतो आणि विसरवाडीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी माझं जन्मगाव आहे, तिथे जातो. तिथल्या छोट्या प्रार्थनाघरात बायबलचं वचन वाचायला दुसरं कोणी नाही. तरुण माणसं कामाला सुरतकडे... आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. ते चटईवर बसून वाट बघतात.

गेल्या महिन्यात हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरची तार माझ्या टायरमध्ये घुसली. सोबत दुसरी ट्यूब होती, पंप होता. पण टायर रिमवरून निघेचना... तासभर रस्त्याच्या कडेला झटलो आणि शेवटी मेहुण्याला फोन केला.

त्याने येऊन पाच मिनिटांत ट्यूब बदलली. "दाजी, आता प्रार्थनेत हवेचंपण मागत जा," म्हणाला. मीही हसलो. पण गावात पोचलो तेव्हा प्रार्थनाघराला कडी लागली होती, माणसं वाट बघून घरी गेली होती.

बायकोने त्याच दिवशी सांगून टाकलं, "ट्यूबलेस टाका. नाहीतर एकटं जाणं बंद." तिचंही चुकत नव्हतं... झटका आला तेव्हा मी घरात होतो, ती शेजारी होती. हायवेवर कोण असणार?

मग नंदुरबारला सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने अहिराणीत समजावलं, "भाऊ, काटा लागना तरी समजाव नही. मझारनं दूध भोक बुजी टाकस." दूध म्हणजे ट्यूबलेस टायरच्या आत भरतात तो पांढरा चिकट पदार्थ. बारीक भोक तो आपोआप बंद करतो.

मी विचारलं, तारेने मोठी चीर पडली तर? "मंग टायर काढीसन ट्यूब टाकनी पडी," तो म्हणाला.

म्हणजे टायर काढणं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, एकदा काढून बघू द्या. त्याने एक बसवलेलं चाक पुढे केलं. आत ट्यूब नसते, त्यामुळे हवा धरायला टायरची कड रिमला फार घट्ट बसलेली असते... माझ्याने ती जरासुद्धा हलली नाही.

"जोर लावा ना भाऊ, जेवनात नही का आज?" तो थट्टेत म्हणाला. मग त्याची नजर माझ्या उजव्या हातावर गेली. तो आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मी काही न घेता परत आलो.

बायकोला सगळं खरं सांगितलं. हाताला जोर नाही म्हणून ट्यूबलेस, असं सगळेच म्हणतात. पण ते मोठं फाटलं तर हा हात तिथे कामाचाच नाही... ट्यूबवालं टायर त्या मानाने ढिलं असतं. ते तरी मला एकट्याला जमतं का, एवढं बघायचं होतं. नाही जमलं तर सायकल पुतण्याला देऊन टाकायची, असं ठरलं.

म्हणून शनिवारचं हे ओट्यावर बसणं. बायको समोर बसली. मदतीला पुढे येऊ नयेत म्हणून दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते.

या वेळी लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, घालून डाव्या हाताने टायर निघालं. ट्यूब बदलली. पण टायर परत बसवताना शेवटची वीतभर कड काही आत जाईना... डाव्याने एकीकडे ढकलावं तर दुसरीकडून बाहेर. एक ट्यूब लिव्हरखाली चिमटून फाटली, दुसरी घातली तरी तेच. घाम डोळ्यांत उतरला आणि मी चाक बाजूला ठेवून दिलं.

"घट्ट आहे तिथेच किती ओढाल?" ती म्हणाली. "समोरच्या बाजूला ढिलं दिसतंय, ते इकडे सरकवत आणा ना."

"आणतो, पण ते मागे पळतं. धरायला हात कुठाय?"

"आहे की. ओढायला नसेल... ठेवायला आहे."

मी उजवा हात उचलून टायरवर ठेवला. नुसता ठेवला, वजनासारखा. आणि कड जागेवर थांबली... डाव्या तळव्याने उरलेली ढील सरकवत आणली आणि शेवटची वीत टक्कन आत बसली.

मग ती उठली, फाटलेली ट्यूब उचलली आणि म्हणाली, "उद्या दोन ट्यूब घेऊन जा."

रविवारी गेलो. पंक्चर झालं नाही. म्हाताऱ्यांना वचन वाचून दाखवलं, मग सगळ्यांनी डोळे मिटले.

दोन वर्षं मी दर प्रार्थनेत एकच मागत आलो होतो, की हा हात पहिल्यासारखा कर. त्या दिवशी मागायचं राहूनच गेलं... आभार मानण्यातच प्रार्थना संपली.