खडकाखालचं उथळ तळं

दादाची धाकटी मुलगी गडमुडशिंगीच्या शेतातल्या विहिरीत बुडाली, त्यानंतर दादाने ती विहीर बुजवली. पुढच्या उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला आणि नवी विहीर खणणं भाग पडलं. वहिनींची एकच अट होती: जिथं पाणी कधी उभं राहिलेलं नाही अशीच जागा हवी. विहिरीसाठी कोरडी जागा शोधणं उलटंच होतं. दादाने माळाकडची उंच जागा धरली.

काळ्या खडकाखाली राखाडी मातीचा थर लागला. त्यात शिंपल्याच्या चुऱ्यासारखे पांढरे दाणे दिसले आणि इथंही पाणी होतं की काय म्हणून वहिनींनी काम थांबवलं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, म्हणून पिशवीभर माती माझ्याकडे आली. मागोमाग दादाचा फोन.

"साधी माती हाय म्हणून सांग तिला. पाण्याचं काय काढू नगंस."

माझं काम ठरलेल्या क्रमाने चालतं. माती सोड्याच्या पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीवर धुवायची, वाळवायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने दाणे वेचायचे. वेचताना मी रेडिओ लावते. त्या दिवशी थोड्या वेळाने बंद केला.

काही दाणे म्हणजे खसखशीएवढी बारीक, घडणीने घेवड्याच्या बीसारखी कवचं होती. कोळंबीच्या नात्यातला एक जीव अशा दोन झडपांच्या आत राहतो. बाकीचे पिळाच्या रेघा असलेले गोळे, गोड्या पाण्याच्या तळाशी वाढणाऱ्या शैवालाची फळं. म्हणजे माणूस जन्मायच्या कितीतरी आधी त्या माळावर संथ, स्वच्छ तळं होतं. असला जीव मेला की झडपा उघडतात, सुट्या होतात. इथं बहुतेक मिटलेल्या होत्या. लहान, मोठी, सगळ्या वयांची कवचं. गाळ अचानक अंगावर आला असणार.

शनिवारी वहिनी स्वतःच प्रयोगशाळेत आल्या.

"वन्सं, दाखवा की. तुमचं दादा म्हणत्यात साधी माती हाय. खोटं बोलताना त्यांचं कान लाल हुत्यात."

मी स्टूल पुढे केलं. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"ही बारकी कोण?"

"पिल्लं."

"आन् ही अशी मिटल्यात कशापायी?"

मी सांगितलं. एरवी विद्यार्थ्यांना सांगते तसंच, सरळ.

"पाणी किती हुतं?"

"फार नाही. तळापर्यंत ऊन पोचत होतं, त्याशिवाय हे शैवाल वाढत नाही."

"म्हंजे बुडायजोगं न्हवतं."

"नव्हतं, वहिनी."

"तरी गेली की सगळी."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बुजवा म्हणावं त्यास्नी. तिथं न्हाय खणायचं."

दादाने खड्डा बुजवला. "एक वाक्य बोलायचं हुतं तुला, नुस्तं एक," तो फोनवर म्हणाला. त्या वर्षी ऊस गेला.

वहिनी आता बाजाराला आल्या की प्रयोगशाळेत डोकावतात. मी स्टूल पुसते, त्या मिटलेल्या कवचांची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून देते आणि विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत बसते. कधीकधी मागून त्यांचा आवाज येतो, हळू, कुणाला तरी उठवत असल्यासारखा. मी मान वळवत नाही.