खोटा भोंगा

थांबाकाकांना हे नाव गल्लीनं दिलं, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. कुणाचा मिक्सर घरघरला, कुणाच्या स्कूटरला जरा जळका वास आला, की हे हात वर करून हजर. "थांबा, आधी बंद करा." उभा जन्म साबणाच्या कारखान्यात बॉयलरपाशी गेलेला. तिथे भोंगा वाजला की आधी भट्टी बंद, विचारपूस मागाहून. भोंगा खोटा निघाला तरी काका लगेच घरी येत नसत. काट्यावर नजर लावून बॉयलरपाशी बसून राहत.

तर अशा माणसाच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एका सकाळी लाल त्रिकोण उगवला. 'धोका! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत. लगेच इथे दाबा.' काकांनी काही दाबलं नाही, सरळ प्लग उपटला. दुसऱ्या दिवशी बिचकत लावला, तर एकावर एक तशाच चौकटी. पुन्हा प्लग उपटला आणि वरून टॉवेल पांघरला, आजारी माणसाला पांघरतात तसा.

एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण त्याच कॉम्प्युटरवर दर रविवारी लेक दिसायची. ती राहायची लांब परदेशात, आणि तिला नुकतीच मुलगी झालेली. काकांचा मोबाइल बटणांचा. त्यावर नातीचं रडणं ऐकू आलं होतं, तोंड अजून पाहायचं होतं. आणि नेमके आता काका टाळाटाळ करू लागले. एका रविवारी म्हणे कॅमेरा बिघडला, पुढच्या रविवारी म्हणे वीज गेली. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

शेवटी लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, माझ्यावर रागावलात का? बाळंतपणाला तिकडे आले नाही म्हणून?"

काका घाईघाईनं म्हणाले, "रागवू कशाला गं? मशीनला व्हायरस झालाय. तारेतून तुझ्याकडे आला म्हणजे? तुझी नोकरी त्या मशीनवर, आणि शेजारीच पाळणा."

मशीनचा रोग बाळाला लागत नाही, एवढं काकांना कळत होतं. पण मन ऐकायला तयार नव्हतं. लेकीला हसू येणार होतं, आलं रडू.

"त्या चौकटीत कुठे दाबलंत?" तिनं विचारलं. "कुणाला फोन, पैसे, काही?"

"छे. प्लग काढला."

"शाब्बास. अगदी बरोबर केलंत. आता लावा आणि मी सांगते तसं करा."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय?"

"फोन बाहेर स्टुलावर ठेवलाय. मधलं दारही लोटलंय."

मग काय, बंद दाराआडून ओरडाओरडा करत कारभार सुरू झाला. वरच्या कोपऱ्यातली तीन टिंबं सापडली. सेटिंग्ज सापडली. नोटिफिकेशन्स शोधताना काका दोनदा वाट चुकले आणि दोनदा मागे आले. तिथे परवानगी दिलेल्या वेबसाइटांत एकच नाव होतं, ते काकांनी ओरडून वाचून दाखवलं.

"हे कुठलं?"

काका जरा ओशाळले. "लाकडी खुळखुळा कसा करतात ते बघत होतो, तिच्यासाठी. त्या साइटनं विचारलं, सूचना पाठवू का? इतकं नम्रपणे विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"व्हायरस वगैरे काही नाही, बाबा. तुम्ही याला घरात घेतलंत, आणि हा आत येऊन आग लागली म्हणून बोंबलतोय. तुम्ही घाबरून पैसे द्यावेत, एवढाच डाव. त्याला ब्लॉक करा."

काकांनी ब्लॉक केलं. आधीच्या चौकटीही एकेक करून बंद केल्या. कोपरा रिकामा झाला.

"आता व्हिडिओ कॉल लावा."

"थांब. भोंगा खोटा निघाला तरी बसून बघायचं असतं."

लेकीला जुने दिवस आठवले. लहानपणी ती आणि आई झाकलेल्या ताटांपाशी अशीच यांची वाट बघत बसायच्या. त्याचा तिला तेव्हा फार राग यायचा.

"तेव्हा तुम्ही तिकडे एकटे बसायचात आणि आम्ही इकडे," ती म्हणाली. "आज मी बसते तुमच्याबरोबर. लावा कॉल. काही आलंच तर दोघं मिळून प्लग काढू."

काकांनी दार उघडून फोन आत आणला आणि कॉल लावला. पडद्यावर लेक आली. तिच्या मांडीवर दुपट्यात नात झोपलेली. काकांची नजर जुन्या सवयीनं कोपऱ्यावर, लेकीची काकांवर. कोपऱ्यात काही येत नव्हतं. हळूहळू काकांची नजर तिथून सरकली आणि दुपट्याशी येऊन थांबली. नाक थेट तिच्या आजीचं, काकूंचं होतं. काकू हे बघायला उरल्या नव्हत्या, याचं काकांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात नातीनं डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की स्पीकर थरथरला.

"आता ही ऐकायची नाही," लेक उठत म्हणाली. "बंद करू का, बाबा?"

"थांब," थांबाकाका म्हणाले. "बंद नको करूस. रडू दे तिला. मला बघू दे."